झोपेची सप्लिमेंट आणि संध्याकाळचे दोन पेग: एकत्र चालतं का?

सांजवेळ

नमस्कार मंडळी. झोपेवर इथे बरंच लिहिलं गेलंय, पण मला हवा तो प्रश्न कुठे सापडला नाही, म्हणून नवीन धागा काढते आहे.

माझा मोठा भाऊ ५८ वर्षांचा आहे. गेली कित्येक वर्षं संध्याकाळी दोन पेग घेतो, त्यापुढे जात नाही. अलीकडे त्याला पहाटे तीनच्या सुमारास जाग येते आणि मग डोळा लागत नाही. कुणीतरी सुचवलं म्हणून त्याने झोपेच्या गमीज (चघळून खायच्या जेलीसारख्या गोळ्या) सुरू केल्या आणि आता जोडीला एक कॅप्सूलही आली आहे. साडेआठ ते साडेनऊ पेग, साडेदहाला गमी आणि कॅप्सूल, अकराला झोप असा क्रम. काही बोललं की म्हणतो, "हे औषध नाही गं, सप्लिमेंट आहे. नैसर्गिक आहे." वहिनीचं म्हणणं असं, की हल्ली रात्री बाथरूमला उठला की भिंतीला हात लावत चालतो आणि सकाळी बराच वेळ डोकं जड असतं.

दारू सोडावी हे आम्हालाही कळतं आणि त्याला सांगूनही झालंय. मला हे समजून घ्यायचंय, की दारूवर ही सप्लिमेंट घेतली तर शरीरात नेमकं काय होतं, आणि यातलं खरोखर धोक्याचं काय. जाणकारांनी कृपया लिहावं.

रातवा

ताई, "सप्लिमेंट" म्हणजे नक्की काय घेतात ते कळल्याशिवाय कुणालाच उत्तर देता येणार नाही. मॅग्नेशियम आणि कावा (गुंगी आणणारी एक वनस्पती) दोन्ही एकाच फडताळात मिळतात, पण दारूसोबत दोघांचा हिशोब पार वेगळा आहे. ब्रँड नको, बाटलीमागचे घटक लिहा. मिलिग्रॅमसकट.

सांजवेळ

वहिनीने फोटो पाठवलेत, मोठे करून वाचले.

गमी: मेलाटोनिन ५ मिग्रॅ, पण "सर्व्हिंग साइज" दोन गमी. म्हणजे एका गमीत अडीच. दादा कधी दोन घेतो, कधी तीन.

कॅप्सूल: व्हॅलेरियन मुळाचा अर्क, एल-थिॲनिन, अश्वगंधा, पॅशनफ्लॉवर. यांच्यापुढे वेगवेगळे आकडे नाहीत. वर "प्रोप्रायटरी ब्लेंड" असं लिहून सगळ्यांचा मिळून एकच आकडा दिलाय, ६०० मिग्रॅ. खाली अगदी बारीक अक्षरात "मद्यासोबत घेऊ नये, झोप येऊ शकते, वाहन चालवू नये". फोटो मोठा केल्यावरच ते दिसलं.

शिवाय सर्दी असली की रात्रीची सर्दीची गोळीही घेतो. ती घेतली की झोप छान लागते म्हणतो, त्यामुळे सर्दी नसतानाही कधीकधी घेतो.

खलबत्ता

मी फार्मासिस्ट आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या यादीत तीन वेगवेगळ्या प्रकारच्या गोष्टी आहेत आणि घरात सहसा त्या एकाच नावाखाली जमा होतात.

सर्वात आधी सर्दीची गोळी. माझ्या मते तुमच्या यादीत सगळ्यात काळजीची वस्तू तीच आहे. रात्रीच्या सर्दीच्या किंवा अंगदुखीच्या गोळ्यांमध्ये बहुधा जुन्या पिढीचं अँटिहिस्टामिन असतं: डायफेनहायड्रामिन, डॉक्सिलामिन, क्लोरफेनिरामिन यांपैकी एखादं. झोप त्यानेच येते. ही औषधं मेंदूतलं हिस्टामिन अडवतात आणि ॲसिटाइलकोलिन या दुसऱ्या एका रसायनाच्या कामातही ढवळाढवळ करतात. त्यामुळे तोंड कोरडं पडतं, लघवी तुंबते, नजर धूसर होते, वयस्कर माणसाला गोंधळल्यासारखं होतं. डॉक्सिलामिनचं अर्धायुष्य साधारण १० तासांचं, म्हणजे सकाळी आठ वाजताही अर्ध्याच्या आसपास औषध अंगात असतं. सकाळचा जडपणा इथून येत असण्याची दाट शक्यता आहे. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या बीअर्स यादीत वयस्कर लोकांनी ही औषधं टाळावीत असं स्पष्ट म्हटलंय, आणि ते दारू न पिणाऱ्यांनाही लागू आहे.

याच गोळीत बहुतेक वेळा पॅरासिटामॉलही असतं. रोज दारू घेणाऱ्याच्या यकृतात पॅरासिटामॉलचा विषारी घटक बनवणारं एन्झाइम जास्त कामाला लागलेलं असतं आणि त्या घटकाला निकामी करणारा ग्लुटाथायोनचा साठा कमी असू शकतो. सर्दी नसताना झोपेसाठी म्हणून ही गोळी घेणं लगेच बंद करायला सांगा. त्यासाठी कुणाच्या भेटीची वाट बघू नका.

दुसरी, कॅप्सूल. व्हॅलेरियनमुळे झोपाळूपणा येतो आणि त्याचं काम गाबा या मेंदूतल्या शांत करणाऱ्या रसायनाशी जोडलेलं आहे. दारूही गाबाचाच परिणाम वाढवते, शिवाय मेंदूला जागं ठेवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. दोन्ही मिळून एकाच ब्रेकवर पाय पडतो. पॅशनफ्लॉवर आणि अश्वगंधेनेही गुंगी येते. एकेक घटक सौम्य असेल, पण आपल्याला एकेकाचा आकडाच माहीत नाही. ६०० मिग्रॅमध्ये व्हॅलेरियन ५० आहे की ४५०, हे बाटली सांगत नाही. भिंत धरून चालणं हा या बेरजेचा परिणाम असू शकतो. रात्री उठल्यावर तोल जाऊन पडणं, डोक्याला मार, मांडीचं हाड मोडणं हा या वयातला सगळ्यात मोठा प्रत्यक्ष धोका आहे. लोक यकृताबद्दल विचारतात, पडण्याबद्दल कुणी विचारत नाही.

अश्वगंधेबद्दल अजून एक. ती घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याची, कावीळ झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. प्रमाण थोडं आहे, पण ज्याच्या यकृतावर रोजच्या दारूचा भार आहे त्याने हे हलक्यात घेऊ नये. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं.

मेलाटोनिनबद्दल रात्री लिहितो, आत्ता काउंटरवर गर्दी आहे.

ओलीसुकी

वाचतेय. सर्दीच्या गोळीचं हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडेही सासूबाई झोपेसाठी तीच घेतात. दारूचा संबंध नाही, तरी आज पाकीट बघते.

पायवाट

थोडा वेगळा सूर लावतो. मी स्वतः बरीच वर्षं रात्री एक ग्लास वाइन आणि त्यानंतर ३ मिग्रॅ मेलाटोनिन घेतो. मला कधी काही झालेलं नाही, पडझड नाही, सकाळी ताजातवाना असतो. मेलाटोनिन शरीर स्वतःच तयार करतं. त्याला विषासारखं का बघायचं? सगळ्यांना घाबरवण्यापेक्षा प्रमाणावर बोलावं असं वाटतं.

खलबत्ता

पायवाट, प्रमाणावर बोलण्याचा मुद्दा बरोबर आहे, तिथूनच सुरू करतो.

मेलाटोनिन आणि एक ग्लास वाइन यांनी श्वास बंद पडतो असं कुणी म्हणत नाही. मेलाटोनिन हे झोपेच्या गोळ्यांसारखं मेंदूला दाबणारं रसायन नाही. ते संप्रेरक आहे. १९५८ मध्ये येल विद्यापीठात ॲरन लर्नर यांनी ते पिनिअल ग्रंथीतून वेगळं काढलं. त्याचं काम "आता रात्र झाली" एवढा निरोप शरीरभर पोचवण्याचं. म्हणून जेट लॅगमध्ये, किंवा ज्यांचं घड्याळच उशिरा सरकलंय अशांना त्याचा उपयोग जास्त होतो. ज्यांना झोप लागते पण टिकत नाही, त्यांना कमी.

आता दारूशी याचं जुळत का नाही ते बघा. संध्याकाळी घेतलेली दारू शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन कमी करते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण प्रौढांना झोपेच्या आधी दारू देऊन लाळेतलं मेलाटोनिन मोजलं होतं. ते साधारण १५ ते १९ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. म्हणजे आधी दारूने शरीराचं मेलाटोनिन घटवायचं आणि मग बाहेरून गोळीने भरायचं. युरोपात २००७ मध्ये ५५ वर्षांवरच्यांसाठी २ मिग्रॅची, हळूहळू विरघळणारी मेलाटोनिनची गोळी औषध म्हणून मंजूर झाली. तिच्या अधिकृत माहितीपत्रकातच लिहिलंय, की तिच्यासोबत मद्य घेऊ नये, कारण झोपेवरचा तिचा परिणाम कमी होतो. हे कारण लक्षात घ्या: दारूसोबत त्या गोळीचे पैसे आणि मेहनत दोन्ही वाया जातात.

आणि "३ मिग्रॅ" हा आकडा किती खरा? २०१७ मध्ये ३१ मेलाटोनिन सप्लिमेंटची तपासणी प्रसिद्ध झाली. लेबलवरच्या आकड्यापेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत मेलाटोनिन निघालं. ८ नमुन्यांत सेरोटोनिन हे मेंदूवर काम करणारं दुसरंच रसायन सापडलं, ज्याचा लेबलवर उल्लेखच नव्हता. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या २५ गमीज तपासल्या, त्यातल्या २२ वरचा आकडा चुकीचा होता. तुमची बाटली तुम्हाला मानवत असेल, पण त्याच फडताळातली शेजारची बाटली दुसऱ्या कुणाला तशीच मानवेल असं म्हणता येत नाही. म्हणून मी मोघम "एवढं चालतं" असं कुणाला सांगत नाही.

एक गोष्ट जाता जाता: मेलाटोनिनचा निचरा यकृतातल्या ज्या एन्झाइमने होतो, त्याला फ्लुव्होक्सामिन हे मनोविकारावरचं औषध जवळजवळ अडवून टाकतं. ते घेणाऱ्याच्या रक्तात मेलाटोनिन कितीतरी पट चढतं. धूम्रपानाने उलट होतं, ते लवकर संपतं. त्यामुळे "मला चालतं" हे दुसऱ्याला सांगताना तो काय काय घेतो ते विचारायला हवं.

पायवाट

माहितीबद्दल आभार. एन्झाइमचा मुद्दा नवीन कळला. मी इतर कुठलंही औषध घेत नाही. माझा मुद्दा तरी कायम आहे, की एक ग्लास आणि दोन मोठे पेग यांना एकाच मापाने मोजू नये.

खलबत्ता

नाहीच मोजायचं. सांजवेळ, दादांचा पेग ३० मिलीचा की ६०?

सांजवेळ

६०. वहिनीला विचारून सांगते आहे. आणि मापाने नाही, अंदाजाने ओततो.

टिटवी

मी स्लीप लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करते. ६० मिलीचे दोन म्हणजे १२० मिली. ४२ टक्क्यांच्या आसपासची दारू धरली तर शुद्ध अल्कोहोल जवळपास ४० ग्रॅम. सर्वसाधारण प्रौढ माणसाचं यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकाली काढतं. म्हणजे चार ते पावणेसहा तास. साडेआठला सुरुवात केली तर रात्री साडेबारा ते सव्वादोनच्या दरम्यान रक्तातली दारू संपते.

आता मेंदूच्या बाजूने बघा. दारू असेपर्यंत ग्लुटामेट दबलेलं होतं. मेंदूने समतोल राखायला आपली जागं ठेवणारी यंत्रणा वाढवून ठेवलेली असते. दारू उतरली की ती यंत्रणा मोकळी सुटते. नाडी वाढते, घाम येतो, स्वप्नं अंगावर येतात, कारण रात्रीच्या पहिल्या भागात दारूने स्वप्नांची, म्हणजे रेम झोप दाबलेली असते आणि ती उत्तररात्री उसळून येते. त्यात दारू लघवी अडवणारं संप्रेरकही दाबते, म्हणून बाथरूमची फेरी. हे सगळं दोन-तीन वाजता एकत्र येतं.

तेवढ्यात मेलाटोनिनचं काय झालेलं असतं? साध्या गमीतल्या मेलाटोनिनचं अर्धायुष्य तासाभराच्याही आत. साडेदहाला घेतलेलं अडीचपर्यंत नावापुरतं उरतं. जिथे त्याची गरज वाटते तिथे ते नसतंच.

म्हणून सांजवेळ, तुमच्या दादांना तीनला जाग येण्याचं एक सरळ कारण त्या साडेआठच्या ग्लासात असू शकतं. त्या जाग येण्यावर उपाय म्हणून गमी घेतली जाते आणि तिने काम होत नाही म्हणून कॅप्सूल येते. लॅबमध्ये येणाऱ्या लोकांच्या प्रश्नावलीत हा क्रम मी नेहमी बघते: आधी ड्रिंक, मग एक सप्लिमेंट, मग दुसरं, मग सकाळी उठायला वाढलेली कॉफी, आणि त्या कॉफीमुळे पुन्हा रात्री न येणारी झोप. यादीतली पहिली ओळ कुणी खोडून बघत नाही, पुढेच वाढवत जातात.

सांजवेळ

टिटवी, हे वेळेचं गणित वाचून अंगावर काटा आला. अगदी हेच होतं. अडीच-तीनला उठतो, अंग घामेजलेलं असतं. आम्हाला वाटायचं ऑफिसचं टेन्शन.

टिटवी

टेन्शनही असू शकतं, प्रोस्टेटही असू शकतं, नैराश्यात सुद्धा पहाटे लवकर जाग येते. म्हणून डॉक्टरांना दाखवाच. पण अजून एक विचारते: ते घोरतात का? मध्येच घोरणं थांबून मग दचकल्यासारखा मोठा श्वास घेतात का?

सांजवेळ

घोरतो. दचकण्याबद्दल विचारते.

टिटवी

विचाराच. मी रात्रभर काय बघते ते सांगते. छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाखाली बारीक नळी, बोटाला क्लिप. पडद्यावर श्वासाची रेघ लाटांसारखी चालू असते. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार, असलेल्या माणसात ती रेघ एकदम सपाट होते. छातीचा पट्टा हलतोय, म्हणजे माणूस श्वास घ्यायचा प्रयत्न करतोय, पण नाकाशी हवा नाही. दहा सेकंद, वीस, तीस. मग बोटाच्या क्लिपचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा, आकडा घसरायला लागतो. ९४, ९०, ८६. मग मेंदू क्षणभर जागा होतो, घशाचा मोठा आवाज येतो आणि रेघ पुन्हा उसळते. माणसाला सकाळी यातलं काहीच आठवत नाही. तासाला अशा घटना पाचपेक्षा कमी असतील तर ते सर्वसाधारण, तीस किंवा जास्त असतील तर गंभीर.

दारूने घशाचे स्नायू ढिले पडतात आणि जागं व्हायची ही क्षणिक प्रतिक्रियाही उशिरा येते. त्यामुळे थांबे वाढतात आणि लांबतात. त्यावर गुंगी आणणारं आणखी काही घेतलं, विशेषतः डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी किंवा अँटिहिस्टामिन, तर ते आणखी बिघडू शकतं. घोरणाऱ्या माणसाने दारूवर गुंगीचं काही घेऊ नये, यात मला जराही शंका नाही.

माळरान

झोपेच्या गोळीचा विषय निघालाच आहे तर इथेच ठळक लिहून ठेवतो. सप्लिमेंट वेगळं आणि झोल्पिडेम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वेगळं. दारूसोबत या गोळ्या घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. झोल्पिडेमवर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने सर्वात कडक प्रकारचा इशारा छापायला लावला, कारण लोक झोपेतच गाडी चालवणं, स्वयंपाक करणं असे प्रकार करत होते आणि त्यात मृत्यूही झाले होते. त्याआधी २०१३ मध्ये बायकांसाठीचा डोस १० वरून ५ मिग्रॅवर आणला होता, कारण त्यांच्या रक्तात ते सकाळीही जास्त राहतं. घरात कुणाकडे अशी गोळी असेल आणि "एक दे आजच्यापुरती" असं होत असेल, तर ते थांबवा. सप्लिमेंट पुरेना झालं की पुढची पायरी हीच असते.

ओलीसुकी

बायकांचा उल्लेख आला म्हणून विचारते. पाळी जाण्याच्या काळात रात्री घाम, झोपमोड हे होतंच. माझ्या मैत्रिणी वाइन आणि मॅग्नेशियम असं घेतात. मॅग्नेशियमही वाईट का?

खलबत्ता

मॅग्नेशियम आणि थोडी दारू यात गुंगीच्या दृष्टीने फार काही नाही. मूत्रपिंड धड असेल तर मॅग्नेशियम एकूण सुरक्षित आहे. जास्त झालं तर जुलाब होतात. युरोपात सप्लिमेंटमधून दिवसाला २५० मिग्रॅ आणि अमेरिकेत ३५० मिग्रॅ ही वरची मर्यादा धरतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गंमत म्हणजे दारूमुळे मॅग्नेशियम लघवीतून जास्त बाहेर पडतं.

पण मैत्रिणींचा खरा त्रास रात्रीचा घाम असेल, तर दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कित्येकींना त्याने गरमीची लाट येते. तिकडे आधी बघा. शिवाय तेवढ्याच दारूने बाईच्या रक्तातलं प्रमाण पुरुषापेक्षा जास्त चढतं, कारण शरीरातलं पाणी कमी असतं.

कावा कुणी घेत असेल तर दारूसोबत अजिबात नको. यकृत निकामी झाल्याच्या प्रकरणांमुळे २००२ मध्ये जर्मनीने कावाची औषधं बाजारातून काढली होती. पुढे कोर्टात ती बंदी टिकली नाही, पण दारू आणि कावा एकत्र नको, हे त्याने बदलत नाही. ५-एचटीपी किंवा ट्रिप्टोफॅन (यांपासून शरीरात सेरोटोनिन बनतं) घेणाऱ्यांनी नैराश्यावरची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टर, सेरोटोनिन जास्त होण्याचा धोका असतो.

पायवाट

एक व्यावहारिक प्रश्न. ड्रिंक लवकर घेतलं, म्हणजे सहाला घेऊन संपवलं आणि अकराला झोपलो, तर? तोवर रक्तात काही उरणार नाही ना?

टिटवी

चांगला प्रश्न आहे. लवकर घेतलेलं नक्कीच बरं, झोपेच्या गोळी-सप्लिमेंटशी थेट टक्कर टळते. पण झोप पूर्ण सुटत नाही. १९९६ मध्ये मध्यमवयीन पुरुषांवर एक अभ्यास झाला. झोपायच्या सहा तास आधी दारू दिली, झोपताना रक्तात दारू उरलेली नव्हती. तरी रात्रीचा दुसरा भाग विस्कळीत झाला. रक्तातून गेली म्हणजे मेंदूने आवराआवर संपवली असं होत नाही. तुमच्या बाबतीत एक ग्लास असल्याने परिणाम कमी असेल. बघायचं तर काही रात्री वाइन आणि मेलाटोनिन दोन्ही बाजूला ठेवून कशी झोप लागते ते बघा. सुरुवातीच्या एक-दोन रात्रींवरून ठरवू नका, त्या हमखास वाईट जातात.

पायवाट

करून बघतो. प्रामाणिकपणे सांगतो, दोन्ही एकदम बंद करून मी कधी पाहिलेलंच नाही.

उंबरठा

इथे एक गोष्ट राहते आहे आणि ती राहू नये. "काही रात्री बाजूला ठेवा" हा सल्ला रोज एक ग्लास घेणाऱ्याला ठीक आहे. रोज बऱ्याच प्रमाणात, वर्षानुवर्षं पिणाऱ्याला नाही. आमच्या घरात व्यसनमुक्तीचा काळ गेला आहे, म्हणून कळकळीने लिहिते. दारू अचानक थांबल्यावर हात थरथरणं, घाम, उलट्या, छातीत धडधड, आणि पुढे फिट किंवा भ्रम होणं, यात जीव जातो. ज्यांना सकाळी उठल्यावर हात थरथरतात, किंवा मागे कधी सोडताना असा त्रास झालाय, त्यांनी स्वतःच्या मनाने थांबवू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवावं. आणि सोडल्यानंतर झोप बरेच आठवडे, कधी काही महिने विस्कळीत राहते. त्या काळात लोक सप्लिमेंटच्या मागे लागतात आणि झोप येईना म्हणून परत ग्लासकडे जातात. घरच्यांना हे आधी माहीत असलं तर ते धीर धरू शकतात.

सांजवेळ, दादांना सकाळी थरथर होते का, ते नक्की बघा.

सांजवेळ

नाही, तसं काही नाही. कधी प्रवासात चार-पाच दिवस पीत नाही, तेव्हा त्रास झालेला नाही. पण आता लक्ष ठेवू.

माळरान

रात्री काही झालंच तर काय बघायचं तेही इथे असू दे. दारूवर काहीतरी घेऊन झोपलेला माणूस हाका मारून, खांदा जोरात हलवून जागा होत नसेल. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी पडत असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर जात असेल. ओठ, नखं निळसर असतील. किंवा बेशुद्धीत उलटी झाली असेल. यातलं एक जरी दिसलं, तर "झोपू दे, सकाळी उतरेल" म्हणू नका. कुशीवर वळवा, तोंड थोडं खाली राहील असं, एकटं सोडू नका आणि रुग्णवाहिका बोलवा. जाताना बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. कॉफी पाजणं, गार पाण्याखाली उभं करणं, उलटी करायला लावणं यातलं काही करू नका.

रातवा

हे वाचनखूण म्हणून साठवून ठेवलं.

झोपेवरचे खरे उपाय कुणीच लिहिले नाहीत म्हणून थोडं माझ्याकडून. जुनाट अनिद्रेसाठी २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने पहिला उपचार म्हणून सीबीटी-आय, म्हणजे अनिद्रेसाठी विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धत, सुचवला, गोळ्या नंतर. यात समुपदेशक तुमच्याकडून झोपेची नोंदवही लिहून घेतात, अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेइतकाच आणतात, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसायला सांगतात, उठायची वेळ पक्की ठेवतात. पहिले काही दिवस अवघड जातात, दिवसा झोप येते. पण त्याचा परिणाम उपचार संपल्यावरही टिकतो. उलट २०१७ च्या अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या मार्गदर्शिकेत जुनाट अनिद्रेसाठी मेलाटोनिन, व्हॅलेरियन, ट्रिप्टोफॅन आणि डायफेनहायड्रामिन वापरू नयेत असंच सुचवलंय. म्हणजे दादांच्या यादीतलं बरंचसं.

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं कळवते.

काल वहिनी आणि मी दादाशी बोललो. दारूवर भाषण दिलं नाही. टिटवीचं वेळेचं गणित कागदावर लिहून दाखवलं: साडेआठ, चाळीस ग्रॅम, तासाला किती, कधी संपतं, कधी जाग येते. तो इंजिनिअर आहे, आकडे बघत बसला. मग स्वतःच म्हणाला की दोन्ही पेग मापाने ३० चे करून बघतो आणि शनिवार-रविवार सोडून बंद ठेवतो. कॅप्सूल आणि सर्दीची गोळी वहिनीने काढून घेतली. तो काही बोलला नाही. गमीबद्दल मात्र अडून बसलाय. न पिणाऱ्या रात्री घेतली तर चालेल का, आणि किती?

खलबत्ता

चांगली सुरुवात आहे. वहिनींना आणि तुम्हाला दोघींनाही शाबासकी.

गमी घ्यायचीच असेल तर फक्त न पिण्याच्या रात्री, आणि रक्त पातळ करणारं औषध, मधुमेहाचं, फिट्सचं किंवा मनोविकाराचं औषध चालू नसेल तरच. असलं तर आधी डॉक्टर. डोस जास्त म्हणजे झोप जास्त, असं मेलाटोनिनचं नाही. त्यांची गमी अडीच मिग्रॅची आहे, तर एकच पुरे, तीन नकोत. ठरलेल्या झोपेच्या तास-दीड तास आधी, दिवे मंद करून. आणि पहाटे तीनला जाग आली म्हणून दुसरी अजिबात घेऊ नये, त्याने शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं आणि सकाळ जड जाते. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर बंद. जे पिण्याचे दोन दिवस उरलेत, त्या रात्री काहीच नाही.

सांजवेळ

कोणतंही औषध चालू नाही, फक्त रक्तदाबाची एक गोळी आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं ठरलंय, वहिनी सोबत जाणार आहे.

खलबत्ता

रक्तदाबाच्या गोळीचं नाव डॉक्टरांना सांगाच, नुसतं "एक गोळी" नको. दारूने आणि काही रक्तदाबाच्या औषधांनी एकदम उठून उभं राहिल्यावर दाब खाली येतो. भिंतीला हात लावण्यात तिचाही वाटा असू शकतो. मेलाटोनिनचाही रक्तदाबाच्या काही औषधांशी संबंध येतो, त्यामुळे ती एक गमीसुद्धा डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत थांबवा. तोवर रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं आणि बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा लावून ठेवायचा.

टिटवी

आणि वहिनींना एक काम सांगा. भेटीच्या आधी फोनवर घोरण्याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, एक पिण्याच्या रात्रीचा आणि एक न पिण्याच्या रात्रीचा. फोन उशाजवळ ठेवून अर्धा तास झोपेच्या पहिल्या भागातला आणि अर्धा तास पहाटेचा. मध्ये शांतता पडून मग घशाचा आवाज येत असेल तर ती जागा मिनिट-सेकंदासह लिहून ठेवा. झोपेची तपासणी हवी का, ते ठरवायला डॉक्टरांना मदत होईल.